बोटांवर वीस पौंड

धनुष्याच्या बाबतीत 'वजन' हा शब्द जरा फसवा आहे. बांबूचं आख्खं धनुष्य काट्यावर ठेवलं तर अर्धा-पाऊण किलोच्या पुढे क्वचित जातं. पण तिरंदाज जेव्हा 'तीस पौंडांचं धनुष्य' म्हणतो तेव्हा तो त्या लाकडाबद्दल बोलतच नसतो. दोरी पूर्ण मागे ओढून धरायला जेवढा जोर लागतो, तो जोर म्हणजे तीस पौंड. याला 'ड्रॉ वेट' म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे बल आणि वस्तुमान यांची अशी सरमिसळ झाली की माझा जीव तीळतीळ तुटतो, पण जगभरच्या तिरंदाजांपुढे माझं काय चालणार? ते पौंड म्हणतात, आपणही पौंड म्हणू.

भामरागड तालुक्यातल्या ज्या गावात मी चार वर्षं शिकवतोय तिथे जवळपास प्रत्येक घरात धनुष्य आहे. छपराच्या आत, आडव्या वाशाला, दोरी सैल करून अडकवलेलं. धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूचीच, सालीची लांब पट्टी काढून तासलेली. ते किती पौंडांचं आहे हे चार वर्षांत कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. पोराचं असतं, बाईमाणसाला ओढता येईल असं असतं, आणि एखादं असं असतं की ते ओढायला गावात दोघेच. एवढ्यात भागतं.

भागलं नाही ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. आठवीपर्यंत ती आमच्या शाळेत होती, मग तिरंदाजीसाठी निवड होऊन बाहेरच्या एका क्रीडा वसतिगृहात गेली. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर सराव बुडतो, वसतिगृहाचं धनुष्य घरी नेता येत नाही, तर आजोबांकडून एक बांबूचं करून घ्यायचं आहे. प्रशिक्षकांनी परवानगी दिली होती, एका अटीवर. वीस पौंडांपेक्षा जड नको.

"सर, आजोबांना पौंड कसं सांगू?" हा तिचा प्रश्न.

अट फुकाची नव्हती. झेपत नाही एवढं जड धनुष्य ओढलं की शरीर चोरवाटा शोधतं. खांदा वर चढतो, कोपर खाली येतं, पाठीच्या स्नायूंनी करायचं काम दंड करू लागतो. बाण सुटतो, कधीकधी लागतोही, पण ती सवय मोडायला महिने जातात आणि खांदा दुखावला तर हंगाम जातो. तिच्यासारख्या पंधरा वर्षांच्या मुलीला हंगाम जाणं म्हणजे पुढच्या वर्षी वसतिगृहात जागा राहील की नाही हाच प्रश्न. आणि तिचे आजोबा गावातली सगळ्यात जड धनुष्यं करण्यासाठी प्रसिद्ध! नातीसाठी करायचं म्हणून ते हलकं करतील, पण त्यांचं हलकं म्हणजे किती?

शिवाय धनुष्य तासण्याचं काम एकाच दिशेने जातं. बांबूची फाक घ्यायची, बाहेरची साल तशीच ठेवायची, कारण दाट तंतू त्या बाजूला असतात, आणि आतून कोयत्याने, मग सुरीने खरवडत जायचं. प्रत्येक खरवडीला धनुष्य थोडं मऊ होतं. काढलेलं परत चिकटवता येत नाही. वीसच्या खाली गेलं की ते बावीस होणार नाही. म्हणजे तासतानाच मोजायला हवं, आणि ज्याने मोजायचं तो काटा खरा हवा.

काटा कुठून आणायचा, हा प्रश्न आपसूक माझ्याकडे आला. गावात 'मोजणं' हे खातं मास्तरांचं.

शाळेत ताणकाटा आहे. तुम्हीही नववीत बघितला असेल: नळीत स्प्रिंग, खाली आकडा, बाजूला खुणा. आमचा दहा न्यूटनपर्यंत जातो. वीस पौंड म्हणजे ८९ न्यूटन. विषय संपला. पण तो हातात घेऊन बसलो असताना एक गंमत जाणवली. ताणकाटा काय करतो? स्प्रिंग किती ताणली गेली यावरून जोर सांगतो. जितका ताण तितकं बल, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापला. धनुष्यही तेच आहे, ओढाल तितकं ताठणारं. म्हणजे मी एका स्प्रिंगने दुसरी स्प्रिंग मोजायला निघालो होतो. हा विचार तेव्हा नुसताच येऊन गेला.

दुसरा काटा अंगणवाडीत होता. टांगायचा, गोल तबकडीचा, पंचवीस किलोचा, शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणांचा. त्याला झोळी लावून लेकरांची वजनं घेतात. आकड्यांनी बघितलं तर आमच्या कामाला हा अगदी योग्य. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "नाही जी सर, लेकरांचा काटा आहे हा." मी जास्त काही बोललो नाही, कारण त्यांचं बरोबर होतं, त्यांना वाटलं त्याहूनही जास्त बरोबर. धनुष्य ओढताना हात निसटला तर काट्याला जो हिसका बसतो तो स्प्रिंगला कायमचा ताणू शकतो. ताणलेली स्प्रिंग रिकामी असतानाच शून्याच्या पुढे उभी राहते. कुणाच्या लक्षात आलं नाही तर त्या दिवसापासून गावातलं प्रत्येक मूल काट्यावर दोनशे-तीनशे ग्रॅमने सुदृढ होतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे कुपोषणाच्या यादीत नाव असणं-नसणं त्या काट्यावर ठरतं, तिथे हा खेळ करायचा नाही.

तिसरा काटा आठवडी बाजारातल्या व्यापाऱ्याचा. आजोबांपुढे नुसतं नाव काढलं तर त्यांनी मान फिरवली. इथे काटा या वस्तूचा इतिहास चांगला नाही. चारोळीच्या बदल्यात तेवढंच मीठ, ही गोष्ट बस्तरपासून इथपर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. बाजारात चारोळीचा भाव काय आणि मिठाचा काय, हे कळायला पिढ्या गेल्या. तेंदूपत्ता लोक मोजून देतात, पुडे बांधून, त्यात आपल्याला आकडा दिसतो. मोह मात्र तोलून जातो, आणि तोलताना काट्याकडे तोंड कुणाचं असतं हे पाहण्यासारखं असतं. (अजून बघा. डिजिटल काटा आला तरी आकडा दिसणारी बाजू बरेचदा दुकानाच्या आतच वळलेली असते.)

शेवटी फोनवरून मागवायचं ठरलं. तिरंदाजीचे खास काटे मिळतात, दोरीला अडकवायचा हूक असलेले, जास्तीत जास्त जोर लक्षात ठेवणारे. किंमत बघून तो पर्याय मी बंद केला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा पन्नास किलोचा काटा मात्र तीनशे-साडेतीनशेत मिळत होता. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो मागवला आणि पर्लकोटाला पूर आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भामरागड हे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचं गाव, गडचिरोली शहरापासून जवळपास १८० किलोमीटर. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की आमचं जग तेवढंच उरतं. दर पावसाळ्यात हे होतं. त्या वर्षी पार्सल कुठेतरी अलीकडे-पलीकडे पडून राहिलं आणि मला मिळालं तेव्हा धान पोटऱ्यात आलं होतं.

काटा चिमुकला, मुठीत मावणारा. त्याला एक बटण, ते दाबलं की एकक बदलतं. किलो, पौंड, औंस आणि 'जिन'. हे जिन काय म्हणून शोधलं तर चीनमधलं अर्ध्या किलोचं माप निघालं. चिनी भाजीबाजाराची सोय त्यात होती, आपल्या पायलीची नव्हती. असो, पायली तशीही आकारमानाची.

त्याच्यात एक खोड होती. आकडा स्थिर झाला की तो 'धरून' ठेवतो, म्हणजे बॅग खाली ठेवल्यावरही वाचता येतो. बॅगेसाठी हे छान. पण धनुष्य ओढून धरलेला हात थरथरतो, आकडा स्थिर होतच नाही, आणि झाला तर नेमका तुम्ही थोडे सैल पडता तेव्हा होतो. खास तिरंदाजीचा काटा सर्वात मोठा आकडा धरतो, हा शांत झालेला आकडा धरतो. विकत घेताना हा फरक कुणी लिहून सांगत नाही. तुम्हाला कधी असा काटा घ्यायचा असेल तर आधी हे बघा, ग्रॅमच्या बढाया नंतर.

दिवाळीत मुलगी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या अंगणात बसलो. जोहार झाला, आजोबांनी काटा हातात घेऊन उलटसुलट केला आणि माडियात काहीतरी म्हणाले. मुलीने मराठी केलं, "हा खरं बोलतो कशावरून, विचारतात."

प्रश्न इतका रास्त होता की मी खूश झालो. गावातल्या दुकानातून एक-एक किलोची मिठाची दहा सीलबंद पाकिटं आणली. एकाच थैलीत एकेक टाकत गेलो, रिकाम्या थैलीचं वजन आधी शून्य करून. एक, दोन, पाच, दहा. दहाला काटा म्हणाला १०.०३. प्लास्टिकचे चार-दोन ग्रॅम धरले तर चांगलाच. आजोबांना आकडे वाचता येत नाहीत, पण प्रत्येक पाकिटाला आकडा बदलतो आणि पाकीट काढलं की मागे येतो, हे त्यांनी तीन वेळा करून बघितलं. मीठ त्यांना माहीत होतं, त्यावरून त्यांनी काटा ओळखला.

मग त्यांचं स्वतःचं धनुष्य मोजलं. ते छातीपर्यंत ओढतात, जंगलातल्या माणसासारखं, पटकन. तेवढ्या ओढीला काटा सतरा किलो चारशे म्हणाला, म्हणजे अडतीस पौंडांच्या वर. आजोबा काहीच बोलले नाहीत. नातू मात्र अंगणभर "सतरा, सतरा" करत पळाला.

इथे खरी अडचण उघड झाली आणि ती काट्याची नव्हती. आजोबा ओढतात छातीपर्यंत. मुलगी ओढते हनुवटीखाली, जबड्याला हात टेकेपर्यंत, तिला तसंच शिकवलेलं आहे. ओढ वाढली की जोर वाढतो, नेहमीच्या धनुष्याला इंचामागे साधारण दोन पौंड असा ठोकताळा आहे, हलक्याला कमी. मग 'वीस पौंड' कुठल्या इंचाला? विकत मिळणाऱ्या धनुष्याच्या पातीवर जो आकडा छापलेला असतो तो अठ्ठावीस इंच ओढीचा. मुलीची ओढ पंचवीस. तिच्या वसतिगृहातल्या धनुष्यावर वीस लिहिलं असलं तरी तिच्या हाताला प्रत्यक्षात वीस येतच नव्हते.

प्रशिक्षकांना फोन लावला. त्यांनी एका वाक्यात सोडवलं. "पातीवरचं नको, बोटांवर वीस." तिची बोटं दोरी धरून तिच्या ओढीला पोचतात तिथे वीस. आणखी एक बारकावा त्यांनी सांगितला. ही पंचवीस इंच मुठीपासून मोजत नाहीत, मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर घेऊन त्यात पावणेदोन इंच मिळवतात. म्हणजे आम्हाला मुठीपासून सव्वातेवीस इंचांवर खूण हवी. मुलीने एक सरळ कामठी घेतली, टेपने मोजून सव्वातेवीसवर सुरीने खाच पाडली. पुढचं सगळं काम त्या कामठीवर चाललं. टेप मी घरी घेऊन गेलो.

एवढा सगळा खटाटोप शिकारीच्या हत्याराचा आहे, हे मी विसरलेलो नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे, आणि छपरातल्या त्या धनुष्यांचं आज काय काम, हे विचारलं की लोक सण सांगतात, नाच सांगतात. पेरणीआधीच्या बीज पंडुमला सगळ्यांनी मिळून रानात जायची रीत होती, ती सांगताना आवाज बदलतो. इथून जवळच हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथलं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं तेच मुळी शिकारीत मारलेल्या माकडिणीच्या जिवंत पिल्लापासून. डॉ. प्रकाश आमट्यांनी ते मागून घेतलं आणि नंतर लोक आपणहून पिल्लं आणून देऊ लागले. ज्यांच्या जेवणाचा भाग होती तेच लोक आणून देत होते. माझ्या मते हा त्या गोष्टीतला सांगण्यासारखा भाग आहे, आणि तो कमी सांगितला जातो.

रानातून मैदानाकडे जाणारी वाट मात्र देशाला ठाऊक आहे. राजस्थानातला भिल्ल भागातला लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर वाढला, निवड चाचणीत सापडला आणि १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिम्पिक खेळला. आता तर आपल्याकडेच साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये एकाच स्पर्धेत विश्वविजेते झाले. मुलीच्या फोनच्या वॉलपेपरवर अदिती आहे. तिरंदाजीत आदिवासी मूल दिसलं की पत्रकार एकलव्य काढतात, त्यावर ती एकदा वैतागून म्हणाली होती, "सर, दोरी ओढायला अंगठा लागतच नाही, तीन बोटं लागतात." तिच्या शैलीत खरंच लागत नाही.

तर, काम सुरू झालं. पहिल्या दिवशी पद्धत अशी: आजोबा तासणार, मुलगी धनुष्य धरणार, मी काटा दोरीत अडकवून ओढणार, नातू कामठीची खाच बघून ओरडणार, आणि कुणीतरी आकडा वाचणार. पाच माणसांचं काम आणि चार माणसं. आकडा कधी अकरा पूर्णांक काही, कधी पावणेबारा, माझा हात कसा थरथरतो त्यावर. त्यात आजोबांना प्रत्येक वेळी आमच्याकडे बघून थांबावं लागे. पन्नास वर्षं जो माणूस स्वतःच्या हाताला विचारून तासत आला तो आता "किती?" म्हणून मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता. मला ते बघवेना. शिवाय दोन दिवसांनी मला शाळेच्या कामाला गडचिरोलीला जायचं होतं. काटा ठेवून गेलो असतो, पण वाचणार कोण?

गडचिरोलीतच याला एक जुनं उत्तर आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बाळांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या दायांना एक साधन दिलं होतं. न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखतात, मिनिटाला किती श्वास ते मोजून. ज्या बाईला तिथपर्यंत आकडे मोजता येत नाहीत तिने काय करायचं? तर वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. ठरावीक श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत ठरावीक मण्याच्या पुढे गेलं तर आजार. आकडा साधनाच्या पोटात असतो, बाईला तो म्हणावा लागत नाही.

वीस पौंड म्हणजे नऊ किलो सत्तर ग्रॅम. हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. आणि अंगणात मिठाची दहा पाकिटं पडली होती.

एक पाकीट काढून ठेवलं. नऊ पाकिटं कापडी थैलीत घातली. थैलीचं वजन सत्तर ग्रॅमच्या अल्याड-पल्याडच असणार, काट्यावर बघितलं तर पंच्याऐंशी. यापेक्षा चांगलं जमणं नाही. मोहाच्या आडव्या फांदीला जुन्या लुगड्याची रुंद पट्टी बांधून तिच्यात धनुष्याची मूठ अडकवली, दोरी खालच्या बाजूला. दोरीच्या मध्यावर थैली टांगायची आणि हळूहळू हात सोडायचा. धनुष्य ताठ असेल तर दोरी खाचेच्या वरच थांबते. मग थैली काढायची, खरवडायचं, परत टांगायचं. ज्या क्षणी दोरी कामठीवरच्या खाचेशी येऊन थांबेल त्या क्षणी ते धनुष्य मुलीच्या ओढीला वीस पौंडांचं. थैली टांगून ठेवायची नाही, लगेच काढायची, नाहीतर बांबू तसाच वाकून बसतो. आणि रिकामी दोरी ओढून कधीच सोडायची नाही, बाणाला जायचा जोर सगळा धनुष्यातच फुटतो. ही दुसरी गोष्ट आजोबांनी मला सांगितली, मी त्यांना नाही.

आजोबांनी पहिल्यांदा थैली टांगली, दोरी खाचेपासून चार बोटं वर थांबली. ते दहा पावलं मागे गेले आणि उकिडवे बसून बघत राहिले. मला वाटलं ते दोरी बघतायत. ते पात्या बघत होते. डावी उजवीपेक्षा कमी वाकत होती. हातात धरून ओढताना हे इतकं स्वच्छ दिसत नाही. नंतर वाचलं की धनुष्य करणारे कारागीर दुसऱ्या देशांतही असंच करतात, फळीवर टांगून, दोरी कप्पीतून खाली ओढून, लांब उभं राहून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघत. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळं नावही आहे. आजोबांना ते नाव ठाऊक असायचं कारण नाही, मागे जाऊन बसायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मी गडचिरोलीला गेलो. काटा माझ्या पिशवीतच राहिला होता, हे मला आलापल्लीच्या पुढे लक्षात आलं, आणि त्याने काही अडलंही नाही.

परत आलो तेव्हा धनुष्य झालं होतं. मुलगी परसात गवताच्या पेंढीवर बाण सोडत होती, हनुवटीखाली हात, कोपर वर. मी हौसेने काट्यावर घेऊन बघितलं. तीनदा ओढलं, तिन्ही वेळा आकडा नऊ किलोच्या शंभर-सव्वाशे ग्रॅम पुढे. सुट्टी संपताना ती ते धनुष्य प्रशिक्षकांना दाखवायला घेऊन गेली आणि तिथल्या खऱ्या काट्याचा फोटो मला पाठवला: २०.४. खाली तीन हसरे चेहरे. त्यांनी विचारलं म्हणे, घरी कुठला स्केल आहे. तिने काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

मीठ परत घरोघरी गेलं. एक पाकीट थैलीत फुटलं होतं, ते माझ्या वाट्याला आलं.

आता नातवाला धनुष्य हवंय. तो सात वर्षांचा आहे. परवा मी तिथून जाताना तो आजोबांच्या मागे लागला होता, त्याला सतराचं पाहिजे. आजोबा बांबूची फाक बघत होते. त्यांनी चार बोटं वर केली आणि मराठीत, मला कळावं म्हणून असेल, एवढंच म्हणाले, "चार मीठ."